बिनआंघोळीचं पोर

वॉर्डात तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठ वळली की नाकाडी. तिचं नाक काही मोठं नव्हतं. उलट चांगलं बसकं, कुणी अंगठ्यानं दाबून बसवल्यासारखं. पण सव्वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून काढल्यावर ते नाक असं तयार झालं होतं की ती दारातूनच सांगे, "तीन नंबरचे टाके चिघळायला लागलेत, बघून घ्या." डॉक्टर आधी हसत, मग चादर उचलून बघत, आणि मग हसायचे थांबत.

घाणीचं तिला काही वाटत नसे. वार पडली की ती बादलीत घालून न्यायची, हात कोपरापर्यंत घासायचे आणि तिथंच मागच्या कट्ट्यावर बसून डबा उघडायचा, असा तिचा खाक्या. पोरांची ती पहिली डांबरासारखी काळी शी, झग्यावर आंबलेलं दूध, रक्तानं ताठ झालेल्या चादरी, हे सगळं तिच्या लेखी नुसतं काम होतं. "माणूस आतून असाच असतो," ती नव्या नर्सांना सांगे, "बाहेरून बघूनच फसायला होतं." अशा बाईला शिसारी यावी असं सबंध वॉर्डात एकच ठिकाण होतं, आणि ते सगळ्यांत स्वच्छ होतं.

त्याला स्नेहकक्ष म्हणायचे. पूर्वी तिथं फडकी, बादल्या आणि मोडक्या खाटा असायच्या. मग गावाबाहेरच्या साबणाच्या कारखान्यानं ती खोली दत्तक घेतली. भिंतींना गुलाबी रंग आला, दोन गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि समोर आई-बाळाचं भलंमोठं चित्र लागलं. चित्रातल्या आईचे केस विंचरलेले, ओठ रंगवलेले, आणि मांडीवरच्या नवजात बाळाला खाली दोन दात. पहिल्याच दिवशी नाकाडीनं ते चित्र निरखून विचारलं होतं, "हे पोर जन्मताना डबा घेऊनच आलं होतं का?"

ते विचारलं समुपदेशक बाईंना. या बाईंचं नाव वॉर्डानं गोडबाई ठेवलं होतं. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं असं की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. आई आणि बाळ यांच्यात जिव्हाळा लावून द्यायचा, हे त्यांचं काम. त्याचा एक तक्ता होता. रोज सकाळी नऊ वाजता सगळी पोरं कारखान्यानं फुकट दिलेल्या गुलाबाच्या साबणानं धुवायची, तीच पावडर चोपडायची, त्याच वासाच्या पाण्यात खळबळलेली झबली घालायची आणि दहा वाजता एकेक करून आयांच्या मांडीवर ठेवायची. अर्धा तास. "बाळाच्या डोळ्यांत बघा," गोडबाई म्हणायच्या, "हं, आता प्रेम येऊ द्या." साडेदहाला तक्त्यावर खूण. पुढची.

"प्रेम काय ओकारी आहे का, येऊ द्या म्हणायला?" नाकाडी बाहेर बादली आपटत म्हणे. तिला ओकारीच यायची. पोरं उचलून त्या खोलीत न्यायचं काम तिचंच. तेव्हा ती दारापासून खुर्चीपर्यंत चक्क श्वास धरायची. मुरलेलं नाक तिथं मिटून घ्यायची. त्याचा पुढं तिलाच पस्तावा झाला.

सात नंबरच्या खाटेवर आलेली पोरगी चोवीस-पंचवीसची, हडकुळी, पहिलटकरीण. बाळंतपण सरळ झालं. नाळ कापायच्या आधी पोर तिच्या छातीवर ठेवलं तेव्हा नाकाडी तिथंच होती. पोरीनं मान वाकवून त्या पांढऱ्या चिकट टाळूवर नाक टेकवलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं. मग रिवाजाप्रमाणं पोर धुवायला गेलं. परत आलं आणि सगळं बिनसलं.

पोर जवळ आणलं की सात नंबर तोंड फिरवायची. चादरीचं टोक नाकाशी धरायची. पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, रक्त गेलंय, अशक्तपणा असेल. दुसऱ्या दिवशी स्नेहकक्षात पोर मांडीवर ठेवलं आणि तिला भडभडून उलटी झाली. थोडी गुलाबी खुर्चीवर, थोडी गोडबाईंच्या चपलेवर. चपलेपुरतं नाकाडीला बरं वाटलं, नाही असं नाही. पण पोर कळवळून रडत होतं आणि आई भिंतीला टेकून ओकत होती, ते तिला बघवेना. छाती दुधानं दगड झालेली. ते पिळून वाटीत काढायचं आणि नाकाडीनं चमच्यानं पोराला पाजायचं. आई पाच हातांवर, आणि पोर चमच्यावर.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासू आली. बरोबर नणंद; मोठ्या घरची, पोटी मूल नसलेली, अंगाला अत्तर. दोघी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि सात नंबर तिथं नाहीच अशा बोलू लागल्या.

"डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारी सोडणार," सासू म्हणाली. "हिचं हे असं. पोराचे हाल कशाला? चार महिने माझी लेक नेते त्याला. ही ठणठणीत झाली की आणून देईल."

"मी रजाई पण घेतलीय," नणंद म्हणाली.

शेजारी तक्ता घेऊन उभ्या असलेल्या गोडबाईंनी मान डोलावली. "तसं लिहून देता येईल. पण उद्या दहाला आपण एकदा शेवटचा प्रयत्न करू. कारखान्याचे साहेब फोटोला येतायत, आणि ही त्यांचीच कामगार, म्हणजे छानच योग आहे. जमलं तर जमलं."

नाकाडी वाटी-चमचा धूत होती. 'चार महिने' हे दोन शब्द कानावर पडले आणि तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

चार महिने तिलाही ठाऊक होते. तिचं पहिलं पोर बारा दिवसांचं असताना ती तापानं फणफणली होती. थोरली जाऊ म्हणाली, चार महिने नेते, तू उठून बस. ती उठली, बसली, चालली, कामाला लागली. चार महिन्यांनी आणायला गेली तर पोरानं तिच्याकडं बघून भोकाड पसरलं. जाऊ म्हणाली, अजून थोडे दिवस राहू दे, सवय नाही त्याला. ते थोडे दिवस अजून चालू होते. पोरगा आता टकलाला लागला होता. येऊन-जाऊन असायचा, पाया पडायचा, घसा बसला तर औषध आणून द्यायचा. बोलावताना म्हणायचा, "काकू."

यावर नाकाडी कधी रडली नव्हती. रडायला वेळ लागतो. पण तो राग कुठंतरी साचलेला, आणि त्या दुपारी तो निघाला तो भलत्याच माणसावर. सासू-नणंद गेल्यावर तिनं सात नंबरच्या खाटेशी जाऊन बादली आदळली.

"काय गं, लाज नाही वाटत? नऊ महिने पोटात चालला तो, आणि आता मांडीवर चालत नाही? उद्या नेतील उचलून, मग बस छाती पिळत! अगं, कुत्रीसुद्धा पिल्लाला चाटते!"

सात नंबरनं चादरीतून डोळे वर केले. कोरडे होते.

"कुत्रीच्या पिल्लाला कुणी पावडर लावत नाही, मावशी," ती म्हणाली.

नाकाडी स्टूल ओढून बसली. "काय म्हणालीस?"

"सहा वर्षं मी तिथं पॅकिंगला आहे," पोरगी म्हणाली. "हाच साबण. दिवसाला नऊ तास. माझ्या जेवणाला तो वास, केसांना तो वास. लग्न झालं तर नवरा म्हणाला, उशीला कसला वास येतो? पोटुशी राहिले आणि रोज मशीनशेजारी डबा घेऊन ओकायचे. मुकादम म्हणायचा, राजाराणीची लेक आलीय, गुलाब सहन होत नाही. आठवा महिना भरेपर्यंत ओकले मी." तिनं ओठ पुसले. "हा बाहेर आला तेव्हा याला वास होता. लोखंडासारखा. उबट. मला वाटलं, सुटले एकदाची. याला तरी त्याचा स्वतःचा वास आहे. आणि दहा मिनिटांत तुम्ही मला पॅकिंगमधून आलेला आणून दिला. मला तर वाटलं, बदललाच."

"मग सांगायचं नाहीस?"

"त्या बाईंना सांगितलं ना. वास सहन होत नाही म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं."

नाकाडी उठली आणि पायथ्याला अडकवलेला कागद घेऊन खिडकीशी गेली. वाचायला तिला वेळ लागायचा, पण ही ओळ ठसठशीत होती. 'मातेला बाळाच्या वासाची घृणा आहे.' खाली वळणदार सही, आणि सहीच्या शेवटी, देवा रे, एक छोटंसं हृदय काढलेलं.

त्या हृदयाची तिला शिसारी आली. पण खरी किळस आली ती स्वतःची. एक आई तीन दिवस नाक दाबून पडली होती, आणि जिला सगळा वॉर्ड नाकाडी म्हणतो तिला पत्ता नव्हता. तिनं स्वतःच्या हातांनी रोज सकाळी ते पोर धुतलं होतं, चोपडलं होतं, आणि श्वास धरून आईच्या उरावर नेऊन ठेवलं होतं.

ती मोठ्या सिस्टरांकडं गेली. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या मालकीण. मनानं वाईट नव्हत्या, पण नियमाच्या बाहेर त्यांना दिसायचं नाही.

"सातच्या पोराला उद्या साबण नको," नाकाडी म्हणाली. "आंघोळच नको."

"का? अंगावर फोड आलेत?"

"त्याच्या आईला त्या साबणाचा वास सोसत नाही."

"मावशी, ती त्याच कारखान्यात काम करते. सवय असेल तिला."

"कसाई काय मांसाचं अत्तर लावून झोपतो का, सिस्टर?"

मोठ्या सिस्टरांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "हे बघा. उद्या साहेब येणार. तेच खोली देतात, तेच साबण देतात, आणि त्यांच्याच समोर बिनआंघोळीचं पोर ठेवू? आंघोळीच्या वहीत सातसमोर खूण हवी. बस."

खूण हवी तर खूण घ्या, नाकाडी मनात म्हणाली.

तिनं त्याच दुपारी पोर उचललं, मोरीत नेलं आणि नुसत्या कोमट पाण्यानं धुतलं. एकदा, दोनदा, तीनदा. मानेच्या वळ्या, काखा, कानामागं, बोटांच्या बेचक्या. पावडर वळ्यांत साचून तिचा पिठासारखा लगदा झालेला. तो बोटानं काढताना नाकाडीला जे काही वाटलं ते सव्वीस वर्षांत वार उचलताना वाटलं नव्हतं. या वेळी तिनं नाक मिटलं नाही. चांगलं रुंद उघडलं आणि पोराच्या डोक्याला लावलं. गुलाब होताच. केसांत शिरून बसला होता, आगंतुक पाहुण्यासारखा. वासाची झबली तिनं कचऱ्यात टाकली. मग सात नंबरकडं जाऊन म्हणाली, "अंगातला झगा दे."

"दोन दिवसांचा आहे, मावशी. घामानं भरलाय. दूध सांडलंय त्याच्यावर."

"म्हणूनच दे."

तिला दुसरा झगा देऊन नाकाडीनं तो मळका झगा पोराभोवती गुंडाळला आणि पोर आईपासून चार हातांवर, खिडकीखाली ठेवलं. "तू काही बघू नकोस, हात लावू नकोस, प्रेमबिम येऊ देऊ नकोस," ती म्हणाली. "आधी पोर पोरासारखं सडू दे जरा."

संध्याकाळपर्यंत पोरानं दोनदा दूध उलटलं. नाकाडीनं ओठ पुसले, मान पुसली नाही. एकदा शी केली. बूड पाण्यानं धुतलं, बाकी काही नाही. सकाळी नऊ वाजता सगळी पोरं मोरीच्या कट्ट्यावर रांगेत आली. सहा तिनं धुतली. सातवं तसंच कडेला ठेवलं आणि वहीत त्याच्यासमोर लठ्ठ खूण केली. खोटं लिहायची तिची ही पहिली वेळ. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

दहाला स्नेहकक्षात गर्दी झाली. गोडबाई, मोठ्या सिस्टर, कारखान्याचे साहेब आणि त्यांचा कॅमेरा. दाराशी सासू आणि नणंद. नणंदेच्या हातात रजाई उलगडून तयार. सात नंबर गुलाबी खुर्चीत आणून बसवलेली, शिक्षेला आणल्यासारखी, चादरीचं टोक मुठीत.

नाकाडी पोर घेऊन आत आली तेव्हा आधी वास आला, मग ती. आंबलेल्या दुधाचा, घामाचा, उबट अंगाचा भपकारा. पोराच्या केसांच्या काड्या झालेल्या, मानेच्या वळीत दह्यासारखी साय धरलेली. साहेबांनी कॅमेरा खाली केला. मोठ्या सिस्टरांनी वही आठवून डोळे मिटले.

"शी!" नणंद म्हणाली. "आंघोळ नाही घातली याला? काय हा वास!"

"मावशी!" गोडबाई पहिल्यांदाच गोड नसलेल्या आवाजात ओरडल्या. "हे काय आणलंत?"

"पोर," नाकाडी म्हणाली, आणि ते सात नंबरच्या मांडीवर ठेवलं.

पोरीनं सवयीनं मान फिरवली. चादर नाकाशी नेली. मग चादर अर्ध्यात थांबली. तिनं हळूच श्वास घेतला, तापलेल्या तव्याला बोट लावून बघावं तसा. पुन्हा घेतला. मग वाकली आणि पोराच्या मानेच्या वळीत, थेट त्या आंबट सायीत, नाक खुपसलं.

नाकाडीचा हात बादलीकडं गेला होता. ओकली तर धरायला. बादली तशीच राहिली.

"घाण वास येतोय," सात नंबर म्हणाली. नाक वर काढलं नाही. "किती घाण येतोय हा!"

"मग?" नाकाडीनं विचारलं.

"माझ्या झग्याचा येतोय."

तिनं पोर वर उचललं. जमत नव्हतं, एक पाय काखेत अडकला, डोकं कलंडलं. तिला हसूबिसू आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही, चित्रातल्या बाईसारखं काहीच झालं नाही. पोर तोंड उघडून इकडंतिकडं शोधायला लागलं, आणि दगड झालेल्या छातीतून दूध आपसूक ठिबकलं आणि झगा भिजला. एक कुबट, कोमट वास आणखी वाढला. साहेब रुमाल नाकाशी धरून बाहेर गेले. त्यांच्या रुमालालाही गुलाबच होता.

"आता अंगावर घे," नाकाडी म्हणाली. "चमच्याला कंटाळलंय ते."

नणंद पुढं झाली. "वहिनी, तुला झेपणार नाही. दे इकडं. मी आधी नेऊन छान आंघोळ घालते."

सात नंबरनं नणंदेकडं पाहिलं, मग तिच्या पुढं केलेल्या हातांकडं. त्या हातांचं अत्तर तिथवर पोचलं असावं, कारण तिच्या घशाशी काहीतरी आलं; तिनं ते गिळलं आणि पोराला कुशीत आत ओढलं.

"ताई, आधी हात धुऊन या," ती म्हणाली. "नुसत्या पाण्यानं. मग बघायला या. घरी."

सासूनं तोंड उघडलं. नाकाडी बादली घेऊन मध्येच उभी राहिली. "ऐकलंत ना? मोरी डाव्या हाताला आहे."

दुपारी सात नंबरला सोडलं. पोर तिच्याच हातांत होतं, मळक्या झग्यात, तोंडाला दूध लागलेलं. रजाई सासूच्या काखेत, घडी घातलेली. जाताना सात नंबरनं नाकाडीला नमस्कार केला नाही की आभार मानले नाहीत. दोन्ही हात गुंतलेले. दारातून ओरडली, "मावशी, परत शी केली यानं!" आणि स्वतःच घाईघाईनं पायऱ्या उतरली.

नाकाडीला ठपका मिळाला. बाळाला अस्वच्छ ठेवणं आणि वहीत खोटी नोंद. तिनं तिथं सही केली, कारण दोन्ही खरं होतं. तक्त्यावर सातसमोर काय लिहावं ते गोडबाईंना सुचेना. फोटो तीन नंबरचा काढला. ते पोर धुतलेलं होतं.

त्या संध्याकाळी नाकाडीच्या घरी तिचा पोरगा औषध घेऊन आला होता. दारातून म्हणाला, "काकू, आहेस का?" नाकाडी भांडी घासत होती. तो आत आला तशी उठून त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि मान उंच करून त्याच्या टकलाखालच्या मानेशी एक लांब श्वास घेतला. दाढीचा साबण, बसचा धूर, आणखी कसला तरी महागडा घमघमाट. त्याच्या खाली त्याचा स्वतःचा वास होता का, ते तिच्या नाकाला लागेना.

"काय गं, काय झालं?" तो दचकून म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली. "अंगाला वास येतोय तुझ्या." आणि परत जाऊन भांड्यांना बसली.